२०२०ला कापलेला पगार परत द्या

मे २०२०मध्ये आमच्या पगारातले वीस टक्के कापायला कंपनीला चार ओळींचा एक मेल पुरला. चर्चा नाही, सही नाही, मुदत नाही. 'परिस्थिती निवळली की फेरविचार केला जाईल' एवढंच आश्वासन. परिस्थिती केव्हाच निवळली. नवी शेड उभी राहिली, नव्या लाइनी आल्या, डिस्पॅचला ट्रक रांग लावून उभे असतात. फेरविचार मात्र अजून झालेला नाही. विचारायला गेलं की एचआरवाले असं बघतात, जणू आपण त्यांच्या घरी जाऊन उसने मागतोय.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. तेव्हा आमच्यातलं कुणीही भांडलं नाही, हे आधी सांगतो. सगळं खरोखरच बंद होतं. लॉकडाउनमधला पगार पूर्ण द्या असा आदेश केंद्राच्या गृहमंत्रालयाने २९ मार्च २०२०ला काढला होता, तो मेच्या मध्यावर मागे घेतला गेला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालय म्हणालं की मालक आणि कामगारांनी आपसात बसून तोडगा काढावा. आम्हाला बसायला कुणी बोलावलंच नाही. तरी आम्ही गप्प राहिलो, कारण त्या तिमाहीत देशाचा जीडीपी जवळजवळ चोवीस टक्क्यांनी घसरला होता आणि कंपनी टिकली तर आपण टिकू, हे आम्हालाही कळत होतं. त्या समजूतदारपणाबद्दल मला काहीही वाईट वाटत नाही. संताप आहे तो त्यानंतर जे झालं त्याचा.

कारण सावरायला फार वेळ लागलाच नाही. २०२०च्या दसरा-दिवाळीलाच मोटारींची विक्री आदल्या वर्षीच्या वर गेली होती. आमच्याकडे तेव्हापासून रविवारीही लाइन चालू. आम्हाला वाटलं, आता जानेवारीत तरी जुना पगार सुरू होईल. तर म्हणे नवीन आर्थिक वर्षात बघू. नवीन वर्षात दुसरी लाट आली. ती ओसरली तर सेमीकंडक्टर मिळत नाहीत. मग युक्रेनचं युद्ध आणि स्टीलचे भाव. मग इलेक्ट्रिक गाड्यांसाठी गुंतवणूक करायची आहे. मग अमेरिकेचं टॅरिफ. यातलं एकेक कारण खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण ही सगळी कारणं फक्त पगाराच्या वेळीच आडवी कशी येतात? २०२२-२३मध्ये देशात ३८.९ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या, विक्रम. २०२३-२४मध्ये ४२ लाखांच्या वर, पुन्हा विक्रम. २०२४-२५मध्ये ४३ लाख, पुन्हा विक्रम. हे भाग कुणी बनवले? कुणी तपासले? विक्रम झाला की कॅन्टीनमध्ये गुलाबजाम आणि नोटीस बोर्डावर अभिनंदन. पगाराचं नाव काढलं की हात वर.

आणि टक्क्यांचा जो खेळ करतात त्याने तर डोक्यात तिडीक जाते. समजा एखाद्याचा पगार ५०,००० होता. वीस टक्के कापले, राहिले ४०,०००. हा माणूस परत ५०,०००वर यायला वीस टक्के वाढ पुरत नाही, पंचवीस टक्के लागते. साधं चौथी-पाचवीचं गणित आहे. आता त्याला दर वर्षी चांगली आठ टक्के वाढ दिली असं धरू. २०२१मध्ये ४३,२००. २०२२मध्ये ४६,६५६. २०२३मध्ये ५०,३८८. म्हणजे तीन वर्षं 'उत्तम' वाढ घेऊन माणूस जिथे होता तिथे आला, आणि दर वर्षी त्याला पत्र देऊन सांगितलं की कंपनीने तुमच्यावर विश्वास दाखवलाय! दरम्यान बाहेर काय झालं? मुंबईत मे २०२०ला घरगुती सिलिंडर सहाशेच्या आत होता, २०२३मध्ये अकराशेच्या वर गेला. पेट्रोलने २०२१च्या मे महिन्यात तिथे शंभरी ओलांडली. सरकारच्याच महागाईच्या आकड्यांचा हिशोब मांडला तर २०१९-२०मधले १०० रुपये म्हणजे २०२४-२५मधले १३०हून जास्त. त्या ५०,०००ची किंमत नुसती टिकवायलाच ६५,०००च्या वर पगार हवा होता. आपला आठ टक्केवाला २०२४च्या वाढीनंतरही साडेचोपन्न हजारांच्या आतच आहे. आणि आमच्याकडे आठ टक्के मिळालेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी.

बरं, कपात कशातून केली? बेसिकमधून, म्हणजे मूळ पगारातून. याचा अर्थ किती जणांना कळला देव जाणे. बेसिक खाली आलं की पीएफ खाली येतो, रजेचे पैसे खाली येतात. ग्रॅच्युइटी मोजतात शेवटच्या बेसिकवर (आणि महागाई भत्ता असेल तर त्यावर), नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या हिशोबाने. म्हणजे २००८ला लागलेल्या माणसाचं बेसिक २०२०ला कापून तसंच दाबून ठेवलं, तर त्याच्या २००८पासूनच्या सगळ्या वर्षांवर घाव बसतो. आमचे एक सीनियर गेल्या वर्षी निवृत्त झाले. उभी हयात त्यांनी मशीन शॉपमध्ये काढली. हिशोबाचा कागद हातात घेऊन ते अकाउंट्सच्या खिडकीपाशी बराच वेळ उभे होते. आतल्या मुलाने सांगितलं, "काका, फॉर्म्युल्याप्रमाणेच आहे." फॉर्म्युला बरोबरच होता. त्यात घातलेलं बेसिक कापलेलं होतं. कुणाच्या आयुष्यभराच्या पुंजीला हात घालताना यांना एकदाही वाटलं नाही का की हे तरी नीट करून द्यावं?

वरून अप्रायझलची तारीख सरकवली. आधी एप्रिलपासून वाढ मिळायची, आता जुलैपासून. मधल्या तीन महिन्यांचा फरक विचारला तर 'या वर्षीपासून सायकल बदलली आहे'. तीन महिन्यांची वाढ अशी गिळून टाकली आणि कुणाला त्याचं काही वाटतही नाही. फिक्स्डमधला एक तुकडा काढून त्याला व्हेरिएबल असं नाव दिलं. तो कंपनीच्या टार्गेटवर मिळणार, आणि टार्गेट काय होतं ते वर्ष संपल्यावर कळणार.

हे फक्त आमच्याच गेटच्या आतलं रडगाणं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. केंद्र सरकारचा २०२४-२५चा आर्थिक पाहणी अहवाल काढून बघा, मुख्य आर्थिक सल्लागारांच्या कार्यालयाचा, कुठल्या युनियनचा नाही. २०२३-२४मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला, नोकऱ्या वाढल्या १.५ टक्क्यांनी. जीडीपीच्या तुलनेत नफा पंधरा वर्षांतला सगळ्यात जास्त. आणि उद्योगांचीच संघटना असलेल्या फिक्कीने क्वेस कॉर्पबरोबर केलेल्या अहवालात २०१९ ते २०२३मधली पगारवाढ दिली आहे. इंजिनिअरिंग, उत्पादन, पायाभूत सुविधा या आमच्या क्षेत्रात ती वर्षाला ०.८ टक्के. शून्य दशांश आठ! मालकांच्याच संघटनेचा आकडा आहे हा. म्हणजे पैसा आला, भरपूर आला, फक्त तो आमच्या मजल्यापर्यंत उतरला नाही. याच्याही आधी, सप्टेंबर २०१९मध्ये, कॉर्पोरेट कराचा मूळ दर ३०वरून २२ टक्क्यांवर आणला गेला होता. ती सवलत कुणी 'परिस्थिती निवळली' म्हणून परत घेतल्याचं ऐकलंय?

आता कामाचं सांगतो, कारण पगार तरी कागदावर दिसतो, काम कुठेच दिसत नाही. फायनल इन्स्पेक्शनला आमच्याकडे एका लाइनला एक इन्स्पेक्टर असायचा. २०२०ला माणसं कमी केली तेव्हा दोन लाइनींना एक केला, 'तात्पुरता'. तो तात्पुरता आजही दोन टेबलांमध्ये पळतोय. एका टेबलावर ट्यूबलाइटखाली पार्ट फिरवून बर, म्हणजे कडेला राहिलेली धातूची धार, बघायची, पिन गेज घालून भोकं तपासायची, मार्कर लावायचा, तोवर दुसऱ्या टेबलावर ट्रे साचलेला. मग एखादा पार्ट निसटतो. कस्टमरच्या लाइनवर पकडला जातो. रात्री साडेनऊला ग्रुपवर फोटो येतो, त्याच्याखाली मॅनेजरची तीन प्रश्नचिन्हं, आणि सकाळी कस्टमरकडे जाऊन सॉर्टिंग करायला, म्हणजे चांगले-खराब पार्ट वेगळे करायला, आमचीच माणसं. नुकसान वसूल करणारी कस्टमरची डेबिट नोट आली की अप्रायझलमध्ये गुण कापायला तीच सापडते. अशा तक्रारीनंतर कस्टमरला जो एट-डी रिपोर्ट द्यायचा, त्यात चुकीचं मूळ कारण लिहायचं असतं. मी एकदा स्पष्ट लिहिलं, 'दोन लाइनींना एकच इन्स्पेक्टर.' ते खोडून 'ऑपरेटरचं दुर्लक्ष' लिहायला लावलं. ज्या मुलाचं नाव त्यात आलं तो सलग दुसरी शिफ्ट करत होता.

त्या मुलांबद्दल तर बोलावं तेवढं थोडं. तेजी आली तेव्हा माणसं भरली, पण कायम कुणालाच केलं नाही. कुणी कंत्राटदाराचा, कुणी ट्रेनी, कुणी अप्रेंटिस. लातूर, बीड, परभणीकडची पोरं, आयटीआय झालेली. खराबवाडी-नाणेकरवाडीत एका खोलीत पाच-सहा जण, गाद्या शिफ्टप्रमाणे वाटून घेतलेल्या. काम तेच, मशीन तेच, टार्गेट तेच, आणि पगार शेजारच्या कायम ऑपरेटरच्या निम्म्याहून कमी. मुदत संपली की घरी, मग महिन्याभराने दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावावर परत त्याच मशीनवर. कारखान्यात जादा कामाला दुप्पट दर द्यायचा, हा कायदा १९४८पासून आहे. यांच्यातल्या किती जणांना तो मिळतो ते चाकणमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि आता तासही वाढवायचे आहेत. सप्टेंबर २०२५मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या रोजच्या कामाची मर्यादा नऊवरून बारा तास करायला मंजुरी दिली, तिमाहीतल्या ओव्हरटाइमची ११५वरून १४४ तास. म्हणे कामगाराची लेखी संमती लागेल. आमच्या लाइनवरच्या एका पोराला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, सही नाही केली तर उद्या गेटवर कार्डच चालणार नाही." ज्याचं कार्ड कंत्राटदार एका फोनवर बंद करू शकतो, त्याच्या संमतीला काय अर्थ आहे, हे मंत्रालयात कुणालाच कळत नाही? एक मोठे उद्योगपती म्हणतात तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं, दुसऱ्या कंपनीचे प्रमुख नव्वद म्हणतात. अहो, आमची पोरं करतातच आहेत! तुम्ही त्यांना त्या तासांचे पैसे द्यायचं बोला.

नोकरी सोडून जा, असं सांगणारे लोक भेटतात. जाऊन बघा. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड ऐकला की समोरचा दुसरा उमेदवार बघतो. आणि पहिली मागणी काय, तर मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा. कापलेल्या पगारावरच पंचवीस-तीस टक्के चढवून ऑफर देणार. म्हणजे २०२०ची ती कपात गेट ओलांडून दुसऱ्या कंपनीतही आमच्या मागे येते. पण आमच्याच कंपनीत बाहेरून येणाऱ्या नव्या माणसाला मात्र 'मार्केट रेट' मिळतो. माझ्या हाताखाली शिकलेल्या, माझ्याहून सहा वर्षांनी ज्युनिअर माणसाला बाहेर जाऊन परत आल्यावर माझ्याहून जास्त पगार आहे. त्याच्यावर माझा अजिबात राग नाही, त्याने मिळवलं ते बरं केलं. पण जो मेच्या उन्हात मास्क लावून, पोलिसांचा पास दाखवून प्लँट सुरू करायला आला, त्याची किंमत सगळ्यात कमी, आणि हे एचआरच्या तोंडून 'बँडचा (म्हणजे पगाराच्या श्रेणीचा) प्रश्न आहे सर' असं ऐकायचं.

आम्हाला भेटवस्तू नको, कर्मचारी दिनाचा केक नको, मानसिक स्वास्थ्याचं शनिवारचं वेबिनार तर मुळीच नको. मार्च २०२०चं बेसिक धरा, त्यावर मधल्या सगळ्या वर्षांची वाढ लावा आणि आजचा पगार ठरवा. कापलेल्या महिन्यांची रक्कम किती होती ते लेखी द्या आणि हप्त्याहप्त्याने का होईना, परत करा. जे निवृत्त झाले त्यांची ग्रॅच्युइटी त्याच बेसिकवर नव्याने मोजा. दोन लाइनींना दोन इन्स्पेक्टर द्या. ट्रेनींचा ओव्हरटाइम दुप्पट दराने चुकता करा. कुणाकुणाचं किती कापलं याची यादी अकाउंट्सच्या कॉम्प्युटरमध्ये नावानिशी पडून आहे, हिशोब काढायला एक दुपार पुरेल.