दिवस चौथा, पण वार कोणता?

२०१९ च्या मे महिन्यातला एक फोटो माझ्या फोनमध्ये अजून आहे. पॅरिस, मागे लूव्हर म्युझियमचा काचेचा पिरॅमिड, पुढे आई. ती हसतेय, पण ते हसू मी ओळखते. ऐनवेळी पाहुणे आले आणि श्रीखंड पुरणार नाही असं दिसलं की "मला नकोच होतं गं" म्हणताना ती असंच हसते.

त्या दिवशी मंगळवार होता आणि लूव्हर मंगळवारी बंद असतं.

आईने पुण्यातल्या एका शाळेत २८ वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटला बसणाऱ्या मुलांना ती रविवारी सकाळी सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी बोलवायची आणि एक पैसा घ्यायची नाही. जुन्या कॅलेंडरांतून, मासिकांतून कापलेली चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवून तिने एक फाईल केली होती. त्यात लूव्हरमधली मोनालिसा होती, मोने या फ्रेंच चित्रकाराची कमळं होती. युरोपला यायला ती तयार झाली ती त्या फाईलसाठी. आल्प्स आणि आयफेल टॉवर ही आमची हौस.

सहल कंपनीच्या छापील कागदावर होतं, "दिवस चौथा: पॅरिस दर्शन, दुपारनंतर मोकळा वेळ." पैसे भरताना मी विचारलं होतं, त्या वेळात आम्हाला लूव्हर बघता येईल ना? "हो मॅडम, नक्की." तिथे पोचल्यावर आमच्याबरोबरचा टूर मॅनेजर, खरं तर भला मुलगा, खाली बघत म्हणाला, "ताई, आज मंगळवार ना, बंद असतं." मोनेची कमळं जिथे आहेत ते ऑरांजरी म्युझियम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, पण तेही मंगळवारीच बंद. ओर्से म्युझियमची सुट्टी सोमवारी, म्हणजे त्या दुपारी ते उघडं होतं आणि नदी ओलांडली की आलंच. ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. मला ते पुण्यात परत आल्यावर कळलं, आणि बंद दारापेक्षा त्या उघड्या दाराचा त्रास मला जास्त झाला.

नोत्र दाम चर्चही आम्ही लांबूनच पाहिलं. महिनाभर आधी, १५ एप्रिलला तिथे आग लागली होती. त्याबद्दल माझी कुणाविरुद्धही तक्रार नाही, आग सांगून लागत नाही. लूव्हरची सुट्टी मात्र कितीतरी आधीपासून ठरलेली होती आणि सहल आखणाऱ्यांना ती माहीत असणारच.

आईने स्वतः शाळेच्या सहली नेल्या आहेत. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, हे तिला पाढ्यांसारखं पाठ. मुलांना एवढ्या लांब नेऊन कुलूप दाखवायचं नाही, म्हणून ती आधी वार बघायची आणि मग एसटीचं बुकिंग करायची. त्याच बाईला आम्ही तीन तास मोकळा वेळ म्हणून एका बंद दारासमोर उभं केलं.

मला जे म्हणायचंय ते या कागदाबद्दल आहे. 'दिवस तिसरा, दिवस चौथा' असं छापतात, वार छापत नाहीत. तोच कार्यक्रम दहा वेगवेगळ्या तारखांना निघतो, म्हणून छापणाऱ्याला ते सोयीचं. पण पंचांगाच्या पाच अंगांमध्ये वार आहे, आपण साधी वास्तुशांत ठरवतानाही तो बघतो. मग दोन-अडीच लाख रुपये भरताना का बघू नये? पैसे देण्याआधी त्या कागदावर प्रत्येक दिवसापुढे स्वतःच्या हाताने तारीख आणि वार लिहा आणि प्रत्येक ठिकाण त्या वारी उघडं आहे का, ते लेखी विचारा. विशेषतः आईवडिलांना नेणार असाल तर. आपल्याला "पुढच्या वेळी बघू" म्हणता येतं. सत्तरीतल्या माणसाला गुडघे, व्हिसा आणि पैसे हे सगळं पुन्हा जमवायचं असतं.

२०२४ मध्ये आईला पुन्हा नेलं, आम्ही दोघीच, आणि सगळं मी आखलं. विमानाच्या तिकिटाआधी एक वही केली आणि त्यात फक्त बंद दिवस लिहिले. लूव्हर आणि ऑरांजरी मंगळवार. ओर्से आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवार. इटली करायचं म्हटलं असतं तर फ्लॉरेन्सचं उफीझी म्युझियम सोमवार. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद, फक्त महिन्याचा शेवटचा रविवार फुकट आणि दुपारी दोनपर्यंत. आपला महाराष्ट्र दिन तिथला कामगार दिन, त्यामुळे १ मेला लूव्हर, ओर्से, व्हर्साय सगळंच बंद. शाळांना सुट्ट्या म्हणून आपण नेमके तेव्हा निघतो. हॉलंडची ट्युलिपची क्युकेनहॉफ बागसुद्धा मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतच उघडी असते. १५ मेचं तिकीट काढलं तर ट्युलिप राहिले.

वही करताना एक गोष्ट कळली आणि मला फार आवडली. ईस्टर आपल्या सणांसारखाच आहे, चंद्रावर चालणारा! वसंतसंपातानंतरची पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार, म्हणून दरवर्षी तारीख बदलते. ईस्टरपासून मोजून ४० व्या दिवशी येशूच्या स्वर्गारोहणाचा सण, तो कायम गुरुवारी. त्या दिवशी फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंडला सुट्टी. मग पन्नासाव्या दिवसाचा रविवार आणि त्याला जोडून सोमवार. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत हे बहुतेक वेळा येतंच. २०२४ मध्ये तो गुरुवार ९ मेला होता आणि त्या दिवशी आम्ही स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नला होतो.

पुण्यात गुरुवारी पाणी बंद असण्याची आपल्याला सवय आहे. बुधवारी रात्री पिंप, बादल्या, कळशा भरून ठेवायच्या. ल्युसर्नला बुधवारी संध्याकाळी मी तेच केलं: दूध, दही, ब्रेड, सफरचंदं, आणि आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या पुरेशा आहेत का ते मोजून पाहिलं. गुरुवारी दुकानांची शटर खाली होती, रेल्वे स्टेशनातली तेवढी उघडी. आम्ही खोलीत दहीभात करून खाल्ला आणि तळ्याकाठी बसलो. आधी माहीत असेल तर बंद दिवसही छान जातो.

जेवणाच्या वेळांचंही बघून ठेवा. पॅरिसमध्ये बऱ्याच हॉटेलांचं स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं ते सात वाजता उघडतं. घरात मधुमेहाचं माणूस असेल तर पिशवीत लाडू, खाकरा असलाच पाहिजे.

बालीला जाणाऱ्यांनी तर 'न्येपी' आधी बघावा. ते बालीचं शक संवत्सराचं नवं वर्ष, तोच शक जो आपण पाडव्याला बदलतो. २०२३ मध्ये न्येपी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी होते, २२ मार्चला. त्या दिवशी विमानतळ २४ तास बंद, रस्त्यावर कुणी नाही, पर्यटकांनीही हॉटेलाबाहेर पडायचं नाही. पाडव्याची सुट्टी जोडून तिकीट काढाल तर ध्यानात असू द्या.

आणि वेळा बघायच्या त्या त्या-त्या म्युझियमच्या स्वतःच्या संकेतस्थळावर. शेवटचा प्रवेश कधी, तेही बघा. सहाला बंद म्हणजे साडेपाचला दालनं रिकामी करायला लागतात.

३ मे २०२४, शुक्रवार. सकाळच्या वेळेचं तिकीट आधीच काढलं होतं. ऑरांजरीत दोन लंबगोल दालनं आहेत, वरून दिवसाचा उजेड येतो आणि भिंतीभर कमळांचं तळं. आई आधी अगदी जवळ गेली, रंगाचे फटकारे बघितले. मग मागे आली, एक डोळा मिटला आणि हात लांब करून अंगठ्याने काहीतरी मोजलं, रविवारी मुलांना शिकवायची तसं. मग मधल्या बाकावर बसली. कितीतरी वेळ बोललीच नाही. मी पाण्याची बाटली पुढे केली तेव्हा माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, "हे किती वाजेपर्यंत उघडं आहे गं?"

"सहा."

"मग बसू अजून."