‘नाताळात गेलेल्या माणसाचा विषय काढू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

डिसेंबर आला की एक मेसेज ग्रुपांमधून फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच असतो. नाताळात आत्महत्या वर्षातल्या सर्वाधिक होतात, म्हणून ज्यांचं कुणी गेलं आहे त्यांना एकटं सोडू नका, माणसांत ओढून आणा. गेलेल्या माणसाचा विषय काढू नका. शोकाचे पाच टप्पे असतात, पहिला नाताळ पार पडला की माणूस सावरतो. झोप येत नसेल तर थोडी वाइन चालते. आणि शेवटी, ‘दुःखात असलेल्या प्रत्येकाला हा मेसेज पाठवा’. पाठवणाऱ्यांच्या मनात माया असते यात शंका नाही. पण या सल्ल्याने दुःखातल्या घराचा सण आणखी अवघड होतो.

‘नाताळात सर्वाधिक आत्महत्या होतात’

आकडे तसं सांगत नाहीत. अमेरिकेत डिसेंबर हा सहसा सर्वांत कमी आत्महत्यांच्या महिन्यांपैकी एक असतो. संख्या वाढते ती वसंतात आणि उन्हाळ्यात. तिथलं ॲनेनबर्ग पब्लिक पॉलिसी सेंटर वीसहून अधिक वर्षं या गैरसमजाच्या बातम्या मोजत आलं आहे, तरी तो छापून येतच राहतो. २०२४ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात २६ देशांतल्या ७४० ठिकाणांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नाताळच्या दिवशी उत्तर अमेरिका आणि युरोपात धोका साधारणपणे घटलेला दिसला. मध्य व दक्षिण अमेरिकेत आणि दक्षिण आफ्रिकेत किंचित वाढलेला. ठळक वाढ होती ती १ जानेवारीला.

म्हणून सगळी सोबत २५ तारखेला ओतून टाकू नका. भेटी आणि फोन आधीच वाटून घ्या: एकाने २७, दुसऱ्याने ३०, तिसऱ्याने १ जानेवारी.

सरासरी कमी आहे म्हणून तुमच्या समोरचा माणूस सुरक्षित आहे असं मात्र ठरत नाही. कुणी निरोपाची भाषा बोलू लागलं, जपलेल्या वस्तू वाटून टाकू लागलं, तर आडून नको, सरळ विचारा: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर जवळ थांबा आणि तिथूनच हेल्पलाइनला किंवा आपत्कालीन सेवेला फोन लावा.

‘एकटं सोडू नका, माणसांत ओढून आणा’

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ साली एकाकीपणाचे दोन प्रकार वेगळे केले. एकात ओळखीपाळखीचं, आपलं म्हणावं असं वर्तुळच नसतं. दुसऱ्यात एक विशिष्ट माणूस नसतो. पहिल्यावर माणसं मिळणं हा उपाय आहे. दुसऱ्यावर नाही. नवरा गेलेल्या बाईला वीस नातेवाइकांत बसवलं, तर वीसही जण तिला ‘तो नाही’ एवढंच सांगत असतात, कारण बाकीच्यांच्या शेजारी त्यांचं माणूस बसलेलं असतं.

बोलवा जरूर, पण सुटायची वाट ठेवून बोलवा. जाणाऱ्याने यजमानांना आदल्या दिवशीच सांगावं: ‘मी तासभर येईन. मध्येच उठले तर आग्रह करू नका.’ परतीची सोय स्वतःच्या हातात असावी. दुसऱ्याच्या गाडीतून गेलं की त्यांचं आटपेपर्यंत अडकून पडावं लागतं. जागा दाराजवळची घ्यावी. तिथल्या एकाच माणसाला सगळं माहीत असावं, म्हणजे डोळे भरून आल्यावर पाच जण भोवती गोळा होणार नाहीत.

आणि एकट्याने दिवस काढायचा ठरवला असेल, तर तेही चुकीचं नाही. बिघडतं ते एकटं राहिल्याने नव्हे, दिवस नुसता मोकळा सोडल्याने. तीन खुंट्या ठोकून ठेवा: सकाळी उजेडात अर्धा तास बाहेर चालणं, दुपारी ठरलेल्या वेळी एक फोन, संध्याकाळी हाताला एक काम. इतरांची सजलेली घरं दाखवणारी ॲप्स त्या दिवसापुरती फोनमधून काढा. ‘कधीही फोन कर’ हे आश्वासन इथे फारसं उपयोगी पडत नाही. दुःखातला माणूस ‘आज सणाचा दिवस, कशाला त्रास द्या’ म्हणत फोन खाली ठेवतो. वेळ ठरवायची आणि फोन दुसऱ्याने करायचा.

‘गेलेल्या माणसाचा विषय काढू नका’

मेसेजमधला हा सगळ्यांत घातक सल्ला. नाव काढलं नाही तरी आठवण आलेलीच असते. नाव न काढल्याने एवढंच कळतं, की या घरात आता ते उच्चारायचं नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, तरी अस्वल मनात येतच राहिलं. आणि नंतर मोकळीक दिल्यावर ते आणखी जास्त आलं.

गेलेल्या माणसापासून मन सोडवून घेतलं पाहिजे, ही कल्पना मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्या १९१७च्या लेखापासून रुजली. १९२० साली त्याची मुलगी सोफी वारली. १९२९च्या एप्रिलमध्ये, ती ३६ वर्षांची झाली असती त्या दिवशी, त्याने मित्र बिन्स्वांगरला लिहिलं की तिची जागा कधीच भरून निघणार नाही, आणि ते तसंच असायला हवं. मला त्याच्या लेखापेक्षा हे पत्र खरं वाटतं. १९९६ नंतर तर शोकाचे अभ्यासक उघडपणे म्हणू लागले, की गेलेल्या माणसाशी नातं टिकतं, फक्त त्याचं रूप बदलतं.

तेव्हा त्या नात्याला दिवसात ठरलेली जागा द्या. जेवणाआधीची दहा मिनिटं सोयीची. एक मेणबत्ती लावा. काचेच्या भांड्यात, पडद्यांपासून दूर, आणि झोपण्याआधी विझवायची. एकाने छोटी आठवण सांगून सुरुवात करायची, मग ज्याला वाटेल त्याने. ‘मला नाही बोलायचं’ म्हणायची मुभा प्रत्येकाला, मुलांनाही. काय होणार आहे ते मुलांना सकाळीच सांगून ठेवा. हे फसतं ते तीन कारणांनी: कुणाला न सांगता अचानक फोटोंचा व्हिडिओ लावला जातो; रात्री उशिरा सगळे थकलेले असताना सुरू केलं जातं; किंवा रडणाऱ्याला लगेच ‘रडू नकोस’ म्हणून थांबवलं जातं.

बाकी दिवसासाठी आठवडाभर आधी कागद घ्या. दरवर्षी घरात जे जे होतं ते लिहून काढा: झाड सजवणं, मध्यरात्रीची मिस्सा, कॅरोल, भेटवस्तू, पाहुणे. प्रत्येकापुढे ‘ठेवायचं’, ‘सोडायचं’ किंवा ‘बदलायचं’ लिहा. घरातल्या प्रत्येकाने एक गोष्ट अशी सांगायची जी सुटता कामा नये. मोठ्यांनी झाड नकोच ठरवलेलं असतं आणि नेमकं लहान मुलाला तेवढंच हवं असतं. गेलेलं माणूस जे काम करायचं, समजा झाडावर तारा लावणं, ते कुणी करायचं हेही त्याच कागदावर ठरवा. ऐनवेळी सगळे ताऱ्याकडे बघत उभे राहतात, ते टळतं.

‘पाच टप्पे, पहिला नाताळ, मग सुटका’

१९६९ साली मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार हे पाच टप्पे मांडले ते मरणाला टेकलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी नव्हे. शोकाचे अभ्यासक मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक स्खुट यांचं १९९९चं वर्णन जास्त जुळतं: माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांत येरझाऱ्या घालतो. अकराला हसणं आणि बाराला रडणं, दोन्ही खरं. काहींना दुसरा नाताळ अधिक जड जातो, कारण बधिरपणा ओसरलेला असतो आणि चौकशीचे फोनही. मात्र प्रौढ माणसाला वर्ष उलटूनही जवळजवळ रोज तीव्र ओढ लागत असेल, काम, झोप, माणसं सगळंच ठप्प असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. ‘दीर्घकालीन शोकविकार’ हे निदान २०२२ पासून अमेरिकी मानसोपचाराच्या नियमावलीत आहे आणि त्यावर नेमके उपचार आहेत.

‘थोडी वाइन चालते’

दारूने डोळा लवकर लागतो, पण ती उतरताना उत्तररात्रीची झोप तुटते. म्हणजे पहाटे तीनला, सगळं जग झोपलेलं असताना, तुम्ही जागे. झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या चालू असतील तर एक घोटही नको.

‘प्रत्येकाला पाठवा’

सगळ्यांना एकच मजकूर गेला की तो कुणालाच उद्देशून राहत नाही. एका माणसाला एक मेसेज लिहा. गेलेल्याचा उल्लेख असू द्या, वेळ पक्की द्या, उत्तराची सक्ती नको. असा काहीसा: ‘या नाताळात बाबा नाहीत, तुझी सारखी आठवण येते आहे. २७ तारखेला दुपारी ४ वाजता फोन करेन. नाही उचलावासा वाटला तर उचलू नकोस, १ तारखेला ४ वाजता पुन्हा करेन. बाबांबद्दल बोलायचं असेल तर मला ऐकायचं आहे.’