वजनकाटा आणि टोपडं

वाकडमधल्या एका बावीस मजली सोसायटीच्या गेटवरच्या वहीत परवाच्या तारखेला माझी नोंद आहे. नाव बरोबर, स्कूटरचा नंबर बरोबर. 'कामाचे स्वरूप' या रकान्यात लिहिलंय : रद्दी.

दोष वजनकाट्याचा. बाळाचं वजन करायचा काटा पिशवीत मावत नाही, म्हणून तो माझ्या काखेत असतो. बाईमाणूस काखेत काटा घेऊन गेटवर आलं की ते कोण, हे वॉचमनकाकांना कुणी शिकवावं लागत नाही. मान वर न करता ते म्हणाले, "रद्दीवाल्यांना तीननंतर."

मी रद्दीवाली नाही म्हटल्यावर "मंग कोण?" आलं, आणि दरवेळी माझं घोडं पेंड खातं ते इथेच. ज्यांच्याकडे नुकतं बाळ आलंय त्यांच्या घरी जायचं, अंगावर कसं पाजायचं ते दाखवायचं, वजन बघायचं, ढेकर कुणी काढायचा आणि रात्री कुणी उठायचं यावरची भांडणं मिटवायची, हा माझा धंदा. चौदा वर्षं झाली. त्याला मराठीत धडधाकट शब्द आहे, स्तनपान सल्लागार. तो मी सासऱ्यांसमोर, आजेसासऱ्यांसमोर खणखणीत उच्चारते. पण मागे दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि शेजारी खाण्याचे डबे घेऊन तीन पोरं उभी होती. मी इंग्रजीच्या पदराआड गेले.

"लॅक्टेशन."

"कुठलं स्टेशन?"

"स्टेशन नाही काका. डिलिव्हरीनंतरचं काम असतं. चौदाशे तीनमध्ये डिलिव्हरी झालीये."

"झालीया ना? मंग परत कशाला?"

शेजारचा पोरगा कळवळून म्हणाला, "ताई, डिलिव्हरीच लिहा. पटकन सोडतात." पोरगं भलं होतं. शिवाय बरोबरही होतं, कारण काकांच्या मोबाइलमध्ये रकाने चारच : पाहुणे, कॅब, डिलिव्हरी, घरकाम. उरलेली मानवजात वहीत. वर फोन लावला तर कुणी उचलेना. बारा दिवसांचं बाळ असलेल्या घरात फोन कोण उचलतो? तो उशीखाली गप्प करून ठेवलेला असतो.

"पिशवी दाखवा," काका म्हणाले. मागच्या आठवड्यात कुणाच्या तरी बाथरूममधले नळ चोरीला गेले होते म्हणे.

आधी बाहुली निघाली. नवजात बाळाच्या मापाची, तेवढ्याच वजनाची, दुपट्यात गुंडाळलेली. दुपट्यातून एक पाऊल बाहेर आलं होतं. काका खुर्चीतून उठले. "हे... हे कुणाचं हाय?" बाहुली आहे म्हटलं. त्यांनी पेनच्या टोकाने पाऊल टोचून बघितलं. मग वर कॅमेऱ्याकडे बघितलं, उद्या काही झालं तर आपण टोचून बघितलं होतं याचा पुरावा म्हणून.

मग त्यांच्या हाताला ते लागलं.

ते म्हणजे लोकरीचं विणलेलं स्तन. आमच्या धंद्यात ते सगळ्यांकडे असतं. बाळाने तोंड कुठे आणि किती मोठं उघडायचं, दूध हाताने कसं काढायचं, हे आईला हात न लावता त्याच्यावर दाखवता येतं. गव्हाळ लोकर, मध्ये तपकिरी गोल, त्याच्यावर बोंड. काकांनी ते मुठीवर चढवलं आणि उन्हात फिरवून सगळ्या बाजूंनी बघितलं.

"टोपडं व्हय?"

मागचा हॉर्न थांबला. तिन्ही पोरं बघत होती.

"हो," मी म्हणाले. "टोपडं."

"बोंडबी काय झ्याक लावलंय. हातची लोकर हाय. आमची आई असंच इनायची."

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, १ ते ७, जगभर स्तनपान सप्ताह असतो. दरवर्षी कुठल्यातरी सभागृहात उभी राहून मी बायकांना सांगते, यात लाजण्यासारखं काय आहे? तीच मी. टोपडं.

एवढ्यात मालिशवाल्या मावशी बी विंगमधून तेलकट हात पुसत बाहेर आल्या. मावशींना कुणी अडवत नाही. त्यांच्या गळ्यात फोटोचं कार्ड आहे. सवा महिना त्या घरात राज्य त्यांचंच : मालिश, शेक, धुरी, बाळाच्या नाकाकानात तेल. त्या धुरीवरून आणि तेलावरून आमचं दरवेळी वाजतं. बारा दिवसांच्या फुप्फुसांना ओव्याचा धूर कशाला हवाय, हे मी सांगते. मावशी ऐकतात आणि मी गेल्यावर शेगडी पेटवतात. पण गेटवर बाई माझ्या बाजूने उभी राहिली.

"अरं सोड की तिला. दूधवाली हाय ती."

काकांचा चेहरा उजळला. "आधी न्हाई का सांगायचं! दूधवाल्यास्नी एंट्रीच लागत न्हाई."

आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी १९८९ साली मुंबईत, शीवच्या रुग्णालयात निघाली. त्याला पस्तीस वर्षं उलटून गेली आणि वाकडच्या गेटवर दूध अजून पिशवीतच मिळतं. असो. रद्दी हा शब्द मात्र शाईने लिहून झाला होता, आणि वहीत खाडाखोड केलेली सेक्रेटरींना चालत नाही. कचऱ्याच्या दोन ड्रमांसोबत सर्व्हिस लिफ्टने मी चौदाव्या मजल्यावर गेले.

वरचं नेहमीचंच. जन्माच्या वेळी बाळ ३ किलो ५० ग्रॅम होतं, तिसऱ्या दिवशी २ किलो ८२० झालं आणि घर हादरलं. पहिल्या काही दिवसांत वजन उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून ओट्यावर पावडरचा डबा हजर. १९९२ च्या कायद्याने त्या डब्यावर मोठ्या अक्षरांत छापावंच लागतं की बाळाला आईचं दूधच सर्वोत्तम. स्वतःविरुद्ध इतकी स्वच्छ साक्ष डब्याखेरीज फक्त सिगारेटचं पाकीट देतं. आणि दोन्ही खपतात.

"आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही," सासूबाई म्हणाल्या. नव्हतंच. त्यांच्या वेळी पहिलटकरीण माहेरी जायची, तिथे आई, आजी, दोन काकू आणि शेजारच्या सगळ्या असायच्या. त्या सगळ्यांच्या जागी आता मी आहे, आठवड्यातून दीड तास. या मुलीची आई रजा संपली म्हणून आठव्या दिवशी परत गेली. बाबा बंद दाराआड मीटिंगमध्ये. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवसांची रजा असते. २०१७ च्या कायद्याने आईची रजा २६ आठवडे केली, त्यात बापाबद्दल अवाक्षर नाही. याच्या कंपनीने पाच दिवस दिले, त्यातले दोन शनिवार-रविवार होते. ती मुलगी रात्रभर एकटी बसते आणि पहाटे मला मेसेज करते, 'मी वाईट आई आहे का?' यावर विनोद सुचला नाही.

बाळाला नीट धरलं, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबलो, लागलं. मुलगी रडली. काट्यावर ठेवलं : ३ किलो १४०.

निघताना बाबा दाराशी आले. "मॅम, हा चार्ज व्हिजिटचा आहे की तासाचा?" आदल्या दिवशी फोटोग्राफर येऊन बाळाला टोपलीत घालून गेला होता. त्याला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. त्याची नोंद 'पाहुणे'मध्ये होती.

खाली ड्युटी बदलली होती. नव्या वॉचमनने वही उघडली, माझ्या नावावर बोट ठेवलं आणि मोकळ्या रकान्याकडे बघितलं. रद्दी नेताना किलो लिहावे लागतात.

"किती निघाली?"

"३ किलो १४० ग्रॅम," मी म्हणाले.

त्याने लिहून घेतलं, घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"एवढ्याला दीड तास लागला व्हय?"