आधी ऐकणं, मग विचार तपासणं

समुपदेशनावरच्या एका लेखात मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीला, म्हणजे माणसाच्या अविवेकी समजुती शोधून त्या बदलण्याला, पहिलं स्थान दिलंय, ते मला पटलं नाही. मी बेळगावात समुपदेशन करते. माझं काम घडवलं ते मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या १९५७ च्या निबंधानं: समोरच्याला विनाअट स्वीकारा, त्याच्या जागी उभं राहून समजून घ्या, स्वतः आतबाहेर एक राहा. निपाणीकडची एक विडी कामगार बाई आली होती. "जिवाला घोर लागलाय," एवढंच म्हणाली. बोटं मात्र पदराचं टोक विडीसारखं वळत होती. तिथं मी अविवेकी समजुती शोधत बसले असते, तर ती उठूनच गेली असती. घरात मराठी, बाजारात कन्नड बोलणाऱ्या आमच्या माणसांचं दुःख कुठल्या भाषेत बाहेर येतंय, तेही आधी ऐकावं लागतं. एलिस लागतातच हो, पण तिसऱ्या-चौथ्या भेटीला.