पाच माकडं, एक शिडी आणि कधीच न झालेला प्रयोग

एका पिंजऱ्यात पाच माकडं, मधोमध शिडी, वर केळी. कुणी शिडीवर चढलं की बाकीच्यांवर गार पाण्याचा फवारा. थोड्याच दिवसांत चढणाऱ्याला बाकीचे ओढून बडवायला लागतात. मग एकेक माकड बदलत नेतात. शेवटी फवारा सोसलेलं एकही माकड पिंजऱ्यात उरत नाही, तरी चढणाऱ्याला मार बसतोच. खाली तात्पर्य लिहिलेलं असतं: 'रूढी अशाच टिकतात. का, ते कुणालाच माहीत नसतं. तुम्ही शिडी चढा!'

ही गोष्ट भाषणांत, प्रशिक्षणवर्गांत आणि फॉरवर्डमध्ये 'शास्त्रज्ञांचा प्रयोग' म्हणून फिरते. तिच्या भरवशावर लोक आपल्या गटातली एखादी वाईट रीत मोडायला निघतात आणि एकटे पडतात. म्हणून तिच्यातला एकेक दावा तपासायला हवा.

'असा प्रयोग झाला होता'

नाही झाला. काही जण माकडांवर प्रयोग करणारे मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांचं नाव घेतात, काही जण जी. आर. स्टीफन्सन यांच्या १९६७ च्या अभ्यासाचं. स्टीफन्सन यांनी ऱ्हीसस माकडांवर काम केलं हे खरं. पण त्यात शिडी नव्हती, केळी नव्हती, पाणीही नव्हतं. एका माकडाने ठरावीक वस्तूला हात लावला की त्याच्यावर हवेचा झोत सोडायचे. ते माकड वस्तूला बिचकायला लागलं की त्याच्यासोबत एक नवखं माकड ठेवायचे, आणि नंतर नवख्याला एकट्याने वस्तूसमोर सोडायचे. एका जोडीत जुन्याने नवख्याला वस्तूपासून मागे ओढलं. आणखी दोन जुन्या माकडांनी घाबरलेल्या पवित्र्यात नुसती धमकीची तोंडं केली. पाच जणांचा कळप, सामूहिक मारहाण आणि एकेक करून बदललेली पिढी हे सगळं नंतर चिकटवलेलं आहे.

'एकदा रीत पडली की पिढ्यान्‌पिढ्या आपोआप चालते'

हे तपासणारा प्रयोग मात्र खरोखर झाला, तोही माणसांवर. जेकब्ज आणि कॅम्पबेल या संशोधकांनी तो १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. पूर्ण अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा स्थिर ठिपका पाहिला तर तो हलल्यासारखा वाटतो. 'किती हलला?' असं एकट्याला विचारलं तर उत्तर साधारण ४ इंचांच्या आसपास येतं. इथे गटात एकच खरा माणूस होता. बाकीचे प्रयोगकर्त्यांना सामील होते आणि ठरवून १५-१६ इंच सांगायचे. नवख्याचा अंदाजही वर चढायचा. दर ३० अंदाजांनंतर गटातला सगळ्यात जुना माणूस बाहेर जायचा आणि नवा आत यायचा. काही फेऱ्यांत सामील असलेले सगळे निघून गेले.

तरीही फुगवलेला आकडा लगेच पडला नाही. गोष्टीतला तेवढा भाग खरा आहे. पण पुढच्या चार-पाच पिढ्यांत तो उतरत उतरत एकट्या माणसाच्या अंदाजापाशी आला. प्रत्येक नवखा शेजाऱ्याचं ऐकायचा, पण स्वतःच्या डोळ्यांकडेही थोडा झुकायचा, आणि ती थोडीथोडी झुकणूक साठत गेली. म्हणजे निव्वळ सवयीवर उभी असलेली रीत झिजते. जी टिकते तिला काहीतरी धरून ठेवत असतं, आणि ते काय आहे हे शोधणं हेच खरं काम.

'गट वळतो तो माराने'

दक्षिण आफ्रिकेतल्या व्हर्वेट माकडांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये आला. गुलाबी आणि निळे असे दोन रंगांचे मक्याचे दाणे होते. काही कळपांना एक रंग कडू करून दिला, तर काहींना दुसरा. पुढे कडूपणा काढून टाकला. नंतर जन्मलेल्या २७ पिल्लांपैकी २६ जणांनी आईच्याच रंगाचे दाणे खाल्ले. दुसऱ्या कळपात गेलेल्या १० नरांपैकी ९ जणांनी नव्या कळपाचा रंग धरला. यासाठी कुणी कुणाला बडवावं लागलं नाही. नव्या जागी काय चांगलं हे तिथल्या जुन्यांना जास्त ठाऊक असतं, म्हणून त्यांचं पाहून वागणं बहुतेक वेळा शहाणपणाचंच ठरतं.

'कारण सांगता येत नाही, म्हणजे कारणच नाही'

रस्त्याच्या डाव्या बाजूने का जायचं? डावीत विशेष काही नाही. सगळे डावीने जातात हेच कारण, आणि ते पुरेसं आहे. स्वीडनमध्ये १९५५ च्या सार्वमतात सुमारे ८३ टक्के लोकांनी उजवीकडे वळायला नकार दिला होता. तरी ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे ५ वाजता सगळा देश एकदम उजवीकडे गेला. त्या पहाटे रस्त्यावरची वाहनं आधी थांबवली, सावकाश दुसऱ्या बाजूला नेली, पुन्हा थांबवली आणि पाचला सोडली. अशा रीतीत एकट्याने बंड करणं म्हणजे अपघात. तिथे तारीख ठरवावी लागते.

'बाकी सगळ्यांना रीत मान्यच असते, म्हणून एकाने शिडी चढावी'

सगळ्यात जास्त नुकसान या दाव्याने होतं. रीत टिकते ती दोन अंदाजांवर: बाकीचे काय करतात, आणि मी तसं केलं नाही तर बाकीचे काय म्हणतील. हे दोन्ही अंदाज चुकीचे असू शकतात. सौदी अरेबियात रियाधमधल्या तरुण विवाहित पुरुषांना विचारलं, की बायकांनी घराबाहेर नोकरी करावी का? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ८७ टक्के 'हो' म्हणाले. पण जवळजवळ तीन चतुर्थांश जणांनी इतरांचा पाठिंबा खऱ्यापेक्षा कमी धरला होता. ज्यांना खरा आकडा सांगितला, त्यांच्यापैकी ३२ टक्क्यांनी पत्नीचं नाव नोकरी मिळवून देणाऱ्या सेवेत नोंदवलं. न सांगितलेल्यांत हेच प्रमाण २३ टक्के होतं. उपदेश नाही, बंड नाही, फक्त एक आकडा.

म्हणून आपल्या गटातली एखादी रीत खटकत असेल तर आधी चिठ्ठ्या घ्या. चिठ्ठीवर दोनच प्रश्न: 'तुम्हाला स्वतःला हे योग्य वाटतं का?' आणि 'आपल्या गटातल्या १० पैकी किती जणांना योग्य वाटत असेल?' हात वर करून विचारू नका. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या प्रयोगात दिलेल्या रेषेएवढी रेषा कुठली ते सांगायचं असे, आणि गटात इथेही एकच खरा माणूस होता. बाकीचे सामील असलेले सगळे मिळून धडधडीत चुकीचं उत्तर देत, तेव्हा खऱ्या माणसाची सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्यांच्यामागे गेली. उत्तर कागदावर लिहायला दिल्यावर हे प्रमाण बरंच घटलं. गटातला एक जरी जण बरोबर उत्तर बोलला, तरी चुकीची उत्तरं आधीच्या साधारण पावच उरली.

दोन उत्तरांत मोठी तफावत निघाली तर आकडा त्याच बैठकीत, सगळ्यांसमोर वाचा. खाजगीत एकेकाला सांगून भागत नाही, कारण 'बाकीच्यांनाही हे कळलंय' हे प्रत्येकाला दिसावं लागतं.

तफावत नसेल, म्हणजे बहुतेकांना रीत खरंच हवी असेल, तर आकडा मिरवू नका. 'इतके लोक नियम मोडतात' असा फलक लावणंही असंच उलटतं. ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट उद्यानात वाटेवर खुणा केलेले अश्मीभूत (दगड झालेल्या) लाकडाचे तुकडे ठेवले होते. 'पूर्वी अनेकांनी तुकडे नेले' असं सांगणारा फलक होता तिथे ७.९२ टक्के तुकडे गेले. 'कृपया नेऊ नका' एवढंच म्हणणाऱ्या फलकापाशी १.६७ टक्के.

आणि गट सात-आठ जणांचा असेल तर चिठ्ठीवर शब्द लिहायला लावू नका, नुसती फुली मारायला सांगा. सगळ्यांना एकाच रंगाचं पेन द्या आणि चिठ्ठ्या एकसारख्या घडीच्या ठेवा. अक्षर ओळखलं जाईल अशी शंका एकालाही आली, तर चिठ्ठीवर तो तेच उत्तर देईल जे त्याने सगळ्यांसमोर दिलं असतं.