टाकसाळीतला कचरा आणि मी बोलबच्चन

नमस्कार. टाकसाळीत पाडताना चूक झालेल्या, म्हणजे एरर नाण्यांच्या किमतीवर मी जे लिहिलं त्यावर तुमचं म्हणणं असं की "हा टाकसाळीतला कचरा आहे, तुमच्यासारखे बोलबच्चन त्याला भाव चढवतात, बहुतेक नाणी नुसती झिजलेली असतात आणि विकायला गेलं की कोणी विचारत नाही, माझं नाणंही व्यापाऱ्याने परत केलं." मतभेद असू देत हो, पण बोलबच्चन? समोरासमोर असतो तर म्हणाला असतात का हे? लेख पूर्ण वाचूनही हाच शब्द सुचला असेल तर मग काय बोलणार.

झिजलेलं, ठोकलेलं नाणं एरर म्हणून खपवणारे ढीगभर आहेत, हे मान्य. लेखातही ते आहे, दिसलं नसेल.

आता कचरा. १९५५ चा अमेरिकन एक सेंट घ्या. साल आणि अक्षरं दुहेरी, भिंगाची गरजच नाही. साचा बनवताना दुसरा दाब किंचित फिरून बसला, त्यामुळे त्या साच्यातून पडलेलं प्रत्येक नाणं तसंच निघालं. टाकसाळीत हे लक्षात आलं होतं, पण तोवर ती चांगल्या नाण्यांत मिसळली होती म्हणून सोडून दिली. म्हणजे तुमच्या हिशोबाने कचराच, आणि तरी कलेक्टर त्यासाठी जीव टाकतात, ते काय माझ्या सांगण्यावरून? १९४३ चं तर विचारूच नका, तांबं युद्धासाठी वाचवायचं म्हणून सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडले आणि मोजकेच चुकून काशाच्या चकतीवर पडले. खरं काशाचं साधारण ३.११ ग्रॅम भरतं आणि चुंबकाला चिकटत नाही. पोलादी नाण्यावर तांब्याचं पाणी चढवलेलं बनावट लगेच चिकटतं, पण १९४८ मधला आठ घासून तीन केलेला असेल तर चुंबक काही सांगत नाही, तिथे आकड्याचा आकारच बघावा लागतो.

आणि हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये, शाळेत असल्यापासून भिंग डोळ्याला लावून बसतोय, घरच्यांच्या शिव्या खाऊन. साच्यातलंच दुहेरीपण असेल तर दुसरं अक्षरही गोलसर, उठावदार असतं, टोकं फाटलेली दिसतात. नाणं पाडताना साचा नुसता सरकला असेल तर बाजूला चपटी पायरी दिसते आणि मूळ अक्षर बारीक होतं, त्याला सहसा कोणी जास्त पैसे देत नाही. हा फरक कळायला वेळ द्यावा लागतो, तावातावाने टाईप करून कळत नाही.

विकायला गेल्यावर कोणी विचारत नाही वगैरे, ते कुठलं नाणं आणि कोणाकडे नेलं यावर असतं, त्यात शिरत नाही. व्यापाऱ्याने तुमचं परत केलं त्याचा राग माझ्यावर कशाला? दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो आणि वजन टाका, वजन दोन दशांशांपर्यंत, मग बघू.