पोटाचा डॉक्टर कसा पारखावा

बेळगावात असा, खानापुरात असा नाहीतर निपाणीत, पोट बिघडलं की "मिरजेला दाखवा" म्हणणारा एक आणि "हुबळीला न्या" म्हणणारा दुसरा भेटतोच. दोघांचंही ऐकू नका. सरळ दवाखान्यात शिरा आणि टेबल बघा.

कॅलेंडर अ‍ॅसिडिटीच्या गोळीचं, घड्याळ सिरपचं, पेपरवेट जुलाबाच्या औषधाचा. जितक्या कंपन्यांची माया, तितका डॉक्टर थोर. एमबीबीएसनंतर तीन वर्षं एमडी, पुढे तीन वर्षं डीएम, असं शिकून माणूस गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्ट होतो म्हणे. असेल. पाटी मराठीत का नाही यावर खुशाल भांडा, पण नावापुढे डीएम आहे का, हे वाचायच्या भानगडीत पडू नका. चिठ्ठीवरचं अक्षर तर मराठीही नाही, कन्नडही नाही. सीमाभागात वाद नसलेली ती एकच लिपी.

अमेरिकेतली माणसं फार संशयी. तिथे २०१० साली कायदा झाला आणि २०१४ पासून कुणीही सरकारी संकेतस्थळावर डॉक्टरचं नाव टाकून बघतो: कुठल्या कंपनीनं जेवण घातलं, प्रवासाला, भाषणाला किती डॉलर दिले. (पैसे घेतले म्हणजे उपचार वाईटच, असं नाही, संशोधनाचेही असतात. पण दिसतात तरी!) आपल्याकडे असली नावानिशी यादी नाही, त्यामुळे झोप शांत लागते. नियम आहेत हो भरपूर. कंपन्यांकडून भेटी, सहली घ्यायच्या नाहीत, हे डॉक्टरांना २००९ सालीच सांगून झालंय. असल्या भेटींवर कंपनीला करात सवलत नाही, असं सुप्रीम कोर्ट २०२२ साली म्हणालं. औषध कंपन्यांसाठीच्या २०२४ च्या संहितेनं तर औषधाचं नाव छापलेल्या आठवणीच्या वस्तूची किंमतही ठरवली, नगाला हजार रुपयांपर्यंत. हजारात पेन चांगलं येतं.

परवा माझा नंबर सत्तावीस. टाय लावलेला, जाड बॅगवाला पोरगा तेवढ्यात दोनदा आत जाऊन आला. शेजारचे काका म्हणाले, "ह्याचं पोट लईच बिघडलंय बघा!" शेवटी मी आत गेलो. कुंदा किती खाल्ला, हे विचारायच्या आधीच डॉक्टरांनी पेन उचललं. पेनावर जे नाव छापलं होतं तेच चिठ्ठीवर उतरलं. स्पेलिंगची एक चूक नाही.